चौकशीवाल्या बाईंचं विमान

सासूबाईंचा पासपोर्ट लॅमिनेट करण्यामागे जावयाचा हेतू अगदी शुद्ध होता. मोठमोठे घोटाळे शुद्ध हेतूनेच होतात. वाईट हेतूची माणसे निदान आधी चार जणांना विचारून तरी घेतात.

घर सासूबाईंचे, तळमजल्यावरचे झेरॉक्सचे दुकान जावयाचे, आणि मधला जिना दोघांच्या सामाईक वैराचा. दुकानात झेरॉक्सची दोन यंत्रे होती, पण ती पोटापुरती. जावयाचा खरा जीव कोपऱ्यातल्या लॅमिनेशनच्या यंत्रावर. जे जे नाशवंत आहे ते प्लास्टिकमध्ये घातले की टिकते, असे त्याचे साधेसुधे तत्त्वज्ञान होते. त्याने आपली लग्नपत्रिका लॅमिनेट केली होती, विजेचे बिल केले होते, डॉक्टरांची चिठ्ठी केली होती, आणि मग त्या चिठ्ठीवर औषधवाल्याचा शिक्का उठेना. लग्नानंतर बायकोने लिहून ठेवलेला पहिला निरोप, 'दूध उतू गेलं तर ओटा पुसा', हाही गल्ल्यामागच्या भिंतीवर अमर होऊन लटकत होता. आणि इतक्या वर्षांत त्याच्या कामात बुडबुडा म्हणून सापडला नव्हता. प्लास्टिकखाली हवेचा एवढासा ठिपका राहिला तरी तो अख्खा तुकडा फेकून देई. गल्लीतली माणसे त्याला 'प्लास्टिक' म्हणत. त्याला तो किताब वाटे.

त्या शनिवारी सकाळी परदेशातून धाकटीचा फोन आला. धाकटी म्हणजे त्याची मेहुणी. तिचे दिवस भरायला अजून अवकाश होता. सासूबाईंनी पुढच्या महिन्यात जायचे, असे सगळे रीतसर ठरले होते, व्हिसाही येऊन पडला होता. पण डॉक्टरांनी तपासले आणि आता थांबण्यात अर्थ नाही म्हणाले. बाळाची वाढ खुंटली होती. येत्या शुक्रवारी ऑपरेशन. धाकटीचा नवरा मालवाहू जहाजावर, आणि जहाज कुठल्याशा समुद्राच्या मधोमध. म्हणजे तिथे ती एकटी.

"आई, त्याआधी येशील?" धाकटीने विचारले.

"येते," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्या जिना उतरून दुकानात आल्या, काउंटरवर पासपोर्ट ठेवला, "एक झेरॉक्स" म्हणाल्या आणि वर गेल्या.

जावयाने झेरॉक्स काढली. तेवढ्यावर तो थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फोटोच्या पानाचा कोपरा दुमडलेला त्याच्या नजरेस पडला. एवढा लांबचा प्रवास, किती जणांचे हात लागणार, कुठे पाणी सांडणार. शिवाय आयुष्यात एकदा तरी सासूबाईंच्या तोंडून 'बरं केलंत' ऐकावे, ही जुनी इच्छा होतीच. यंत्र तापलेले होते. त्याने बाकीचे पुस्तक बाहेर धरून तेवढे एक पान प्लास्टिकमध्ये सरकवले आणि श्वास रोखून यंत्रातून काढले. कडा कापल्या, कोपरे गोल केले. बुडबुडा एकही नाही. काम असे झाले होते की कुणाला तरी दाखवावे.

त्याने ते सासूबाईंनाच दाखवले.

त्यांनी पान नखाने वाजवून पाहिले. टक्, टक्.

"जावईबापू, मी झेरॉक्स सांगितली होती."

"तीही काढलीय आई. हे माझ्याकडून."

स्वयंपाकघरातून थोरली, म्हणजे त्याची बायको, हात पुसत बाहेर आली. तिने पासपोर्ट पाहिला आणि जवळच्या खुर्चीत बसली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही दुकान बंद करा. आजच्यापुरतं नाही. कायमचं."

सासूबाई कशा होत्या हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्यांची सबंध नोकरी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. एक काच, काचेला खाली अर्धगोल भोक, भोकाच्या आत सासूबाई आणि बाहेर बाकीचे जग. त्यांचा नियम एकच. विचारले तेवढेच सांगायचे.

"बाई, गाडी कधी येईल?"

"उशिरा."

"किती उशिरा?"

"आली की कळेल."

एकाने विचारले, ही गाडी आमच्या गावावरून जाते का. जाते, म्हणाल्या. तो चढून बसला. गाडी त्याच्या गावावरून गेली, आणि गेलीच. दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी येऊन तावातावाने भांडू लागला. "थांबत नाही हे सांगायला काय झालं होतं?" सासूबाई म्हणाल्या, "थांबते का, हे तुम्ही विचारलं नाहीत." दुसरा एक सज्जन भोकातून आत वाकून म्हणाला, "बाई, मी चिडणार नाही. खरं सांगा, गाडी रद्द झालीय का?" "झालीय." तो चिडला. "बघा," सासूबाई म्हणाल्या, "खोटं तुम्हीच बोललात."

निवृत्त झाल्या तरी खिडकी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. सासरे हयात असताना नवा कोट घालून आरशासमोर उभे राहत आणि म्हणत, "कसा दिसतोय मी?" आतून उत्तर येई, "बटण तुटलंय." जावई पहिल्यांदा मागणी घालायला आला तेव्हा त्याने घसा खाकरून विचारले, "मी तुमच्या मुलीशी लग्न करू का?" "तिला विचारा." त्याला एवढ्यावर उठता आले असते. पण माणूस तरुण होता. "आणि तुम्हाला मी कसा वाटतो?" "वाटत नाही." तेव्हापासून त्या नात्यात गैरसमजाला जागा म्हणून उरली नाही.

आणि या नियमाची दुसरी बाजू अशी, की उत्तर देण्यात हयात घालवलेली ही बाई स्वतः कधी कुणाला काही विचारत नसे. भाव नाही, पत्ता नाही, तब्येत नाही. धाकटीच्या बाबतीत तेच झाले. काही वर्षांपूर्वी जेवताना धाकटी म्हणाली, "आई, मला तिकडे नोकरी मिळतेय. जाऊ?" "जा." धाकटीचा घास हातातच राहिला. का जातेस, किती वर्षं, कुणाच्या भरवशावर, यातले काहीही विचारले असते तरी तिला चालले असते. ती गेली. त्यानंतर दर रविवारी फोन येई आणि दोघी तिकडच्या हवेबद्दल बोलत. तिकडच्या हवेत बोलण्यासारखे फारसे काही नव्हते. इतक्या वर्षांत धाकटीने आईकडे मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे त्या सकाळचा तो प्रश्न, आणि सासूबाईंनी 'येते' म्हटले होते. म्हटले म्हणजे गाडी सुटायलाच हवी होती.

सोमवारी एक सरळ विमान होते. इथे बसायचे, तिथे उतरायचे. सोमवारी सासूबाई आणि जावई पासपोर्टच्या कचेरीत रांगेत उभे होते.

खिडकीतल्या गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय आहे?"

"पासपोर्ट," जावई म्हणाला.

"होता. आता हे मेनूकार्ड आहे."

"साहेब, प्लास्टिक निघतं. मी स्वतः ह्याच धंद्यात आहे. गरम हवा सोडली की अलगद..."

"काढा. चेहरापण अलगद निघेल." त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. "कुणी केलं हे?"

"ह्यांनी."

"हे कोण तुमचे?"

"जावई."

गृहस्थांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माणुसकी दिसली. "मुद्दाम केलं?"

"त्यांना विचारा."

जावयाने मग काचेला नाक लावले आणि सुरू केले. ऑपरेशन, एकटी मुलगी, पोटातले बाळ, समुद्राच्या मध्यावर गेलेला नवरा. "साहेब, तुम्हालाही आई असेल हो."

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या आईला मधे आणू नका. मागे माणसं खोळंबलीत." आणि खिडकीकडे वळून, "ह्यांचं मनावर घेऊ नका. नियम काय असेल तो सांगा."

गृहस्थांनी नियम सांगितला. खराब झालेला पासपोर्ट जमा, कसा खराब झाला त्याचा लेखी जबाब, तातडीचा अर्ज. व्हिसाचे पान सुदैवाने प्लास्टिकमधून वाचले होते. जुने पुस्तक रद्दचा शिक्का मारून परत मिळेल, ते नव्याच्या सोबत ठेवायचे. नवा पासपोर्ट बुधवारी संध्याकाळी. बहुतेक.

"बहुतेक म्हणजे?" जावई ओरडला.

"बहुतेक म्हणजे बहुतेक," हे उत्तर सासूबाईंनीच दिले. आतल्या गृहस्थांनी मान डोलावली. दोन उस्ताद एकमेकांची तान ओळखतात तशी.

बाहेर आल्यावर जावयाने घाम पुसला. "आई, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?"

"खिडकीच्या," सासूबाई म्हणाल्या आणि रिक्षाकडे चालू लागल्या.

पासपोर्ट बुधवारी मिळणार, शुक्रवारी सकाळच्या आत पोचायचे, म्हणजे गुरुवारी पहाटेचे विमान. जावयाने दुकानातल्या कॉम्प्युटरवर शोधाशोध केली. गिऱ्हाइके खोळंबली, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाची पाने उलटसुलट निघाली. एक तिकीट होते ते दोन ठिकाणी थांबत थांबत शुक्रवारी रात्री नेऊन सोडणारे. म्हणजे बारसे गाठायला बरे. दुसरे वेळेत पोचवणारे होते, पण वाटेत एका अवाढव्य विमानतळावर विमान बदलायचे, आणि मधे वेळ जेमतेम सव्वा तास. दर पाच मिनिटांनी भाव चढत होता, जागा उडत होत्या. थोरली जिन्यात मधोमध उभी राहून वरचे खाली आणि खालचे वर पोचवत होती.

"आईला विचार, सीट कुठली?"

"आई, सीट कुठली?"

"खिडकी."

"जेवण कुठलं म्हणावं?"

"गरम."

"आणि म्हणावं, वाटेत विमान बदलावं लागेल, चालेल ना?"

मग थोरली म्हणाली, "आई म्हणते, सोमवारचं सरळ होतं."

जावयाने तिकीट काढले. बटण दाबताना त्याला धास्ती होती, ती भावाची नव्हती. दारे कुठली, मजले कुठले, मधे कुठली छोटी आगगाडी, हे सगळे त्याने त्या विमानतळाच्या नकाशात पाहिले होते. इतक्या मोठ्या जागेत वाट चुकलेला माणूस काय करतो? कुणाला तरी विचारतो. आणि त्याची सासू कुणालाही विचारणार नव्हती. मांडीवर पिशवी घेऊन ती कुठल्याशा बाकावर ताठ बसेल, समोरून तिचे विमान निघून जाईल, आणि तिकडे धाकटीला ऑपरेशनला एकटीला आत नेतील. आणि हे सगळे कशामुळे, तर एका दुमडलेल्या कोपऱ्यामुळे.

बुधवारी संध्याकाळी पासपोर्ट आला. 'बहुतेक' खरे ठरले. जेवणे झाल्यावर जावयाने खिशातून एक कार्ड काढून सासूबाईंच्या पुढ्यात ठेवले. त्यावर तिकडच्या तीन भाषांत ठळक छापले होते: 'माझे पुढचे विमान सुटायला थोडाच वेळ आहे. कृपया मला वाट दाखवा.' खाली विमानाचा क्रमांक. अर्थातच लॅमिनेट केलेले.

"आणखी प्लास्टिक."

"बोलायचं नाही, विचारायचं नाही. नुसतं दाखवायचं."

"दाखवणं म्हणजे विचारणंच." कार्ड परत सरकले.

"बरं, मग चाकाची खुर्ची सांगतो. त्यांचा माणूस ढकलत नेतो."

"माझे पाय शाबूत आहेत."

"आई, तो विमानतळ आहे. आपला बसस्टँड नाही. फलाटावरून हाक मारून थांबवता येत नाही विमान."

"आकडे सगळीकडे सारखेच असतात. मला वाचता येतात."

"अहो, पण एक शब्द कुणाला विचारला तर तुमचं जातं काय?"

"तोंड जातं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि त्या आठवड्यातले सगळ्यात लांब भाषण केले. "विचारणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मी आतून पाहिलंय. तुम्ही सगळे बाहेर उभे असता, तुम्हाला दिसत नाही. शिकलेला असो, श्रीमंत असो, पोलीस असो. भोकाशी वाकला की सगळ्यांचं तोंड एकसारखं. लाचार. मला तसं तोंड करायचं नाही. ह्या वयात तर मुळीच नाही."

जावयाने इथे गप्प बसायला हवे होते. पण चार दिवस त्याने 'मेनूकार्ड' आणि 'सोमवारचं सरळ' गिळले होते, ते वर आले.

"म्हणूनच धाकटी गेली," तो म्हणाला. "'का जातेस' एवढं विचारलं असतं तर राहिली असती ती. तुमचं तोंड तेवढं सांभाळलंत तुम्ही."

सासूबाई उठल्या, ताट उचलले, घासले, पालथे घातले आणि आपल्या खोलीचे दार लावून घेतले.

"अहो," थोरली हळू आवाजात म्हणाली, "दुकानात जा."

"दुकान बंद आहे आत्ता."

"मग उघडा."

पहाटे टॅक्सीत फक्त ड्रायव्हर बोलत होता, आणि तोही रस्त्याबद्दल वाईटच बोलत होता. विमानतळाच्या दाराशी सोबतच्यांनी थांबायचे होते. जावयाने खिशात हात घातला.

"आई, ते कार्ड..."

"ठेवा गल्ल्यामागे. उतू गेलेल्या दुधाशेजारी."

थोरली आईच्या गळ्यात पडली. तेवढ्यात जावयाने ते कार्ड पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवले. सासूबाई आत गेल्या. ताठ मान, हातात एक पिशवी, मागे एक चाकांची बॅग. त्यांनी वळून पाहिले नाही. वळून पाहणे हाही एक प्रकारचा प्रश्नच असतो.

गुरुवार जावयाने कॉम्प्युटरसमोर काढला. सासूबाईंचे विमान पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकत होते. दुपारी कळले की ते अर्धा तास उशिरा उतरले आहे. सव्वा तासातला अर्धा तास गेला. एका गिऱ्हाइकाने ओळखपत्राची झेरॉक्स मागितली, जावयाने ओळखपत्र लॅमिनेट करून दिले. ते आधीच लॅमिनेट केलेले होते.

थोरली जिन्यात आली. "तुम्ही आईला लॅमिनेट केलं नसतंत तर ती एव्हाना तिकडे पोचून झोपली असती."

"आईंना नाही, पासपोर्टला."

"एकच आहे," ती म्हणाली आणि वर गेली.

दुसरे विमान ठरल्या वेळी सुटले. त्यात सासूबाई होत्या की नव्हत्या, हे पडदा सांगत नव्हता. पडदाही विचारले तेवढेच सांगणारा निघाला.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा जावई जिन्याच्या तीन पायऱ्या एका ढांगेत चढून वर पोचला. थोरलीने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. धाकटी बोलत होती. तिला आत नेण्याची तयारी चालली होती.

"आई?" थोरलीने विचारले. "आई पोचली का?"

"पोचली. बाहेर नर्सशी वाद घालतेय. नर्स म्हणे फार बोलते." मग धाकटी म्हणाली, "ताई, आल्या आल्या काय म्हणाली माहितेय? 'तुला भीती वाटतेय का?'"

"असं म्हणाली?"

"म्हणाली नाही. विचारलं. आईनं मला विचारलं. मग बाजूला बसली आणि विचारतच सुटली. दुखतं कुठे, तिकडे पहिल्या वर्षी कुठे राहायचीस, एकटीच जेवायचीस का. मी नुसती रडतेय. तर म्हणते, विचारलेल्याचं उत्तर द्यावं."

थोरलीने पदर तोंडाला लावला. जावई भिंतीकडे बघत राहिला. बुधवारी आपण जे बोललो ते बोलायला हवे होते की नको होते, हे त्याला अजूनही ठरवता येत नव्हते.

दुसरा फोन संध्याकाळी आला. सासूबाईंचा.

"मुलगी झाली. लहान आहे. ओरडतेय."

"आणि धाकटी?"

"झोपलीय."

थोरली एकदम हसायला आणि रडायला लागली आणि फोन तिच्या हातातून जवळजवळ पडलाच. जावयाने तो वरचेवर झेलला. त्याच्या मनात दोन दिवस एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती.

"आई, अभिनंदन. आई, ते विमान बदलताना वेळ कसा पुरला हो? उशीर झाला होता तुमच्या विमानाला, मी बघत होतो. वाट कुणाला विचारलीत की काय?"

पलीकडे लांबून एका अगदी नव्या माणसाचा ओरडण्याचा आवाज येत होता.

"कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात बुडबुडा राहिलाय," सासूबाई म्हणाल्या.